आरोग्याचा जमाखर्च

गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीची गोष्ट. नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी दोन दिवस शाळेत दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो पोटरीला पट्टी बांधून, लंगडत. दुकानातून घरी परतताना वाटेवरील कुत्र्याने त्याला चावा घेतला होता. त्याच्या आजीने शहाणपणा केला. तिने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतली आणि सकाळ होताच नातवाला जवळच्या आरोग्यकेंद्रात नेले. तेथे डॉक्टर होते, परिचारिका होती, भिंतींना नवा रंगही होता. परंतु श्वानदंशावरची लस तेवढी संपलेली होती. मोठ्या इस्पितळात जावयास सांगण्यात आले. दोन बसगाड्या बदलून आजी-नातू तेथे पोहोचले. लस फुकट मिळाली, हे खरे. परंतु ही लस एकदा टोचून भागत नाही. ठरलेल्या दिवशी, एकंदर चार वेळा जावे लागते. काजूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि आजी दुसऱ्याच्या बागायतीत काजू गोळा करावयास रोजंदारीने जाते. प्रत्येक फेरीस तिचा एक रोज बुडणार होता. “सरकाराकडेन पयशे नात?” असे तिने घरी आल्यावर नातवाला विचारले, आणि नातवाने तोच प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला आमच्यापुढे ठेवला.

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकातील होते. सरकार दरवर्षी अंदाजपत्रक मांडते, त्यात आरोग्यासाठी रक्कम राखून ठेवते, इत्यादी. मुलाने ते वहीत उतरवून घेतले. पण रक्कम राखून ठेवलेली असेल तर कपाटात लस का नव्हती, ह्याचा उलगडा त्यातून होत नव्हता, आणि तो मुलगा भिडस्त नसता तर त्याने ते आम्हांस तेथेच ऐकवले असते. म्हणून एका शनिवारी आम्हीच त्या केंद्राच्या औषधनिर्मात्यांकडे गेलो. गृहस्थ मनमोकळे होते. त्यांनी साठ्याची नोंदवही आमच्यापुढे उघडून ठेवली. वर्षारंभी लसीची जी मागणी पाठवली होती ती मागील वर्षीच्या खपात थोडी भर घालून केलेली. ह्या वर्षी चावे अधिक झाले. औषधांसाठी मंजूर असलेली रक्कम डिसेंबरातच सरत आली. अधिक पुरवठ्यासाठी वर लिहून कळवले होते, पण पूरक रकमेस मंजुरी मिळावयाची होती. त्याच आठवड्यात केंद्रात प्रतीक्षागृहासाठी नव्या खुर्च्या येऊन पडल्या होत्या. “खुर्च्यांचे पैसे होते, मार्चअखेर खर्च करावयास हवे होते,” असे ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना हसूही आले नाही.

खुर्च्यांचे पैसे लसीकडे का वळवता येत नाहीत? हा प्रश्न कळला म्हणजे अंदाजपत्रक निम्मे कळले असे समजावयास हरकत नाही.

आमच्या गोव्यातील विद्यार्थ्यांना देवस्थानच्या महाजनांची वार्षिक सभा पाहून ठाऊक असते. जत्रा झाली की हिशेब वाचला जातो. पावती किती, दक्षिणा किती, मंडपास किती, भटजींस किती. कोणी विचारतो, “गेल्या वर्षी दिव्यांना एवढे लागले नव्हते, ह्या वर्षी का लागले?” आणि खजिनदारास उत्तर द्यावे लागते. सरकारचे अंदाजपत्रक ह्याच जातीचे आहे. भेद एवढाच की येथे हिशेब आधी मांडावा लागतो आणि खर्च मागाहून होतो. आपल्या संविधानाच्या ११२ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्र सरकारला आणि २०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्य सरकारला, येणाऱ्या वर्षाच्या जमाखर्चाचे विवरण विधिमंडळापुढे ठेवावेच लागते. वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. ही प्रथा १८६७ पासूनची. सरकारचा सर्व महसूल एका संचित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने कायदा केल्यावाचून त्यातून एक पैसाही बाहेर काढता येत नाही.

तयारी मात्र बरीच आधी, पावसाळा सरतासरता सुरू होते. खालच्या कचेऱ्या आपापल्या गरजा लिहून वर पाठवतात, मधल्या कचेऱ्या त्या एकत्र करतात, वित्त खाते त्यांवर कात्री चालवते, मग मंत्रिमंडळ आणि शेवटी विधानसभा. तेथे प्रत्येक खात्याच्या खर्चासाठी अनुदानाची स्वतंत्र मागणी मांडली जाते. आमदारांना तीवर कपातसूचना आणता येते. एखाद्या खात्याचे धोरणच मान्य नसेल तर त्याची मागणी एक रुपयावर आणावी असे सुचवता येते. एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडावयाचे असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करावे असे म्हणावयाची रीत आहे. शंभर रुपये कमी होऊन सरकारचे काही बिघडत नाही, परंतु त्या निमित्ताने एखाद्या गावच्या दवाखान्यातील संपलेली लस सभागृहात बोलली जाऊ शकते. वेळ अपुरा पडला की अखेरच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवाचूनच मताला टाकतात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीतील शिरच्छेदाच्या यंत्राचे नाव, गिलोटिन, ह्या प्रथेला मिळाले आहे. पुष्कळदा कोट्यवधी रुपयांच्या मागण्या ह्या यंत्राखालून निघून जातात, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही.

आता त्या खुर्च्यांकडे वळू. मंजूर झालेला पैसा एका मोठ्या पेटीत पडून राहत नाही. तो शेकडो लहानलहान कप्प्यांत वाटलेला असतो. ह्या कप्प्यांस शीर्षे म्हणतात. मोठ्या शीर्षास चार आकडी क्रमांक असतो, आणि तो केंद्रात व सर्व राज्यांत एकच असतो. २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. ४२१० म्हणजे त्याच विषयावरचा भांडवली खर्च. पहिला आकडा २ असला की तो चालू, म्हणजे महसुली खर्च: पगार, औषधे, वीज, रुग्णवाहिकेचे इंधन. पहिला आकडा ४ असला की इमारत, मोठी यंत्रसामग्री, अशा टिकाऊ वस्तू. ह्या मोठ्या शीर्षाच्या पोटात उपशीर्षे, त्यांच्या पोटात आणखी लहान शीर्षे, अशी उतरंड लावलेली असते. एका कप्प्यातील पैसा दुसऱ्यात न्यावयाचा तर वरिष्ठांची मंजुरी लागते, काही वेळा विधिमंडळाचीही. आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांना तो अधिकार नसतो. आणि ३१ मार्चच्या रात्री जे उरेल ते बुडते. पुढच्या वर्षी ते पुन्हा मागावे लागते. म्हणून मार्च महिन्यात खुर्च्या येतात.

हा नियम मूर्खपणाचा आहे असे घाईने म्हणू नये. कप्पे नसते तर लसीचे पैसे कोणा साहेबाच्या मोटारीत गेले असते, आणि विधानसभेने नेमके कशास मत दिले हे कोणालाच सांगता आले नसते. महालेखापरीक्षक जे शोधून काढतात तेही ह्या कप्प्यांमुळेच. पण कुलूप चोरासाठी असते आणि पुष्कळदा घरच्याच माणसाला बाहेर ठेवते, तसे येथे होते.

चालू खर्च आणि भांडवली खर्च ह्यांतील एक भेद मुलांनी नीट लक्षात घ्यावा, कारण आरोग्याच्या प्रश्नाचे मूळ आमच्या मते तेथे आहे. आपल्या देवळाला चांदीची पालखी वाहणारा भक्त भेटतो. दीपस्तंभ बांधून देणाराही भेटतो. पालखीवर त्याचे नाव कोरलेले असते, दीपस्तंभाच्या पायाशी त्याच्या कुळाची फरशी असते. परंतु गाभाऱ्यातील समईला वर्षभर रोज जे तेल लागते त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. समई विझली तर मात्र देऊळ ओस वाटते. सरकारचेही असेच असते. इस्पितळाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन होते, कोनशिला बसते, छायाचित्र निघते. परिचारिकेचा पगार, जंतुनाशक, शीतपेटीची वीज ह्यांचे उद्‌घाटन कोण करणार? म्हणून इमारती उभ्या राहतात आणि त्यांतील जागा रिकाम्या राहतात. इमारत एकदाच पैसे मागते; माणूस दर महिन्याला मागतो, आणि तो निवृत्त होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही मागतो. वित्त खात्याला इमारतीपेक्षा माणसाची अधिक धास्ती वाटते ती ह्यामुळेच.

ह्या विषयावर पहिल्या प्रतीचा विचार ज्यांनी आपल्याकडे केला ते एक शिक्षकच होते. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करणारे, शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार करणारे गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. त्या सभेला अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता, केवळ बोलण्याचा होता. सरकारने शिलकीचे अंदाजपत्रक मांडले होते आणि ती शिल्लक सुबत्तेची खूण म्हणून दाखवली जात होती. गोखल्यांनी आकडे घेऊन दाखवले की लागोपाठ दुष्काळ पडत असताना, १८९६ पासून प्लेगने माणसे मरत असताना सरकारजवळ पैसा उरतो, ह्याचा अर्थ कर गरजेपेक्षा अधिक घेतला जात आहे एवढाच होतो. मिठावरचा कर कमी करा, अल्प उत्पन्नावरचा प्राप्तिकर काढा, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, मिठावरचा कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये करण्यात आली. पुढील वर्षांच्या भाषणांतून त्यांनी शिल्लक पैसा प्राथमिक शिक्षण आणि शहरांचे आरोग्य ह्यांवर खर्च करावा असा आग्रह धरला. मत देण्याचा अधिकार नसताना केवळ बेरीज-वजाबाकीच्या बळावर एका माणसाने साम्राज्याच्या खजिनदारास हलवले. आज मताचा अधिकार आहे. अंकगणिताचा उपयोग तेवढा कमी होतो.

१९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतांकडे सोपवला. लोकनियुक्त मंत्र्यांकडे आरोग्य आले, पण तिजोरी राखीव खात्यातच राहिली. जबाबदारी एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी ती व्यवस्था होती. तिची सावली पुरती गेलेली नाही. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, इस्पितळे व दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. मोठे कर मात्र बहुतेक केंद्राकडे जमतात आणि वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे त्यांतील वाटा राज्यांना मिळतो. उपकराचा मात्र वाटा पडत नाही. २०१८ पासून प्राप्तिकरावर जो चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेतला जातो, त्यातील हिस्सा राज्यांचा हक्क म्हणून त्यांना मिळत नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना प्रथम नीट मांडली गेली. चाळीस हजार वस्तीस एक केंद्र, असा आरंभीचा हिशेब होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारास मुकू नये, हे समितीचे सूत्र. १९५२ च्या गांधीजयंतीस समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर पहिली केंद्रे निघाली. आज सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार वस्तीस एक केंद्र असे मान ठरलेले आहे.

पण खर्च थोडा थांबला की काय होते, ह्याचा धडा हिवतापाने जसा दिला तसा दुसऱ्या कशाने दिला नाही. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी माणसे हिवतापाने अंथरूण धरीत आणि सुमारे आठ लाख मरत. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे देशाची वस्ती छत्तीस कोटी होती. म्हणजे दर पाच माणसांत एकाला ताप. पेरणीच्या वेळीच माणूस गोधडीत शिरत असे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. गावोगाव फवारणीची पथके गेली, घरांच्या आतील भिंतींवर डी. डी. टी. मारली गेली. भिंतीवर विसावणारा डास मरे आणि रोग्याकडून निरोग्याकडे जाणारी साखळी तुटे. यश इतके झपाट्याने आले की १९५८ साली ‘नियंत्रण’ हा शब्द गाळून ‘निर्मूलन’ हा शब्द घालण्यात आला. कर्मचारी दर पंधरवड्यास घरोघर जाऊन कोणास ताप आहे का हे विचारीत आणि बोटाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेत. १९६५ साली सबंध देशात जेमतेम एक लाख रोगी नोंदले गेले आणि मृत्यू एकही नाही.

आमच्या मते धोक्याचे वर्ष तेच होते. ज्या रोगाचे रोगी दिसत नाहीत त्याच्यासाठी पैसे मागावयास जाणाऱ्या अधिकाऱ्याची स्थिती मोठी अवघड होते. अंदाजपत्रक तयार करणारा विचारतो, “एकही मृत्यू नाही, मग एवढे फवारे कशाला?” त्यावर “फवारे आहेत म्हणूनच मृत्यू नाही” हे उत्तर खरे असते, पण ते पटवून देता येत नाही, न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोठून आणावा? पथके कमी झाली. काम सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपवले गेले, आणि ती सेवा अनेक ठिकाणी अजून उभीच राहिलेली नव्हती. डी. डी. टी. वेळेवर मिळेनाशी झाली. मधल्या काळात डासांतही ते विष पचवणाऱ्या जाती बळावल्या. १९७६ साली हिवतापाचे सुमारे चौसष्ट लाख रोगी नोंदले गेले. अकरा वर्षांत एक लाखाचे चौसष्ट लाख. दोष सर्वस्वी पैशाचा नव्हता, डासाचाही होता. पण डासाने आपली तयारी केली तेव्हा आपली तयारी ढिली पडलेली होती. १९७७ मध्ये सरकारने योजना नव्याने आखली. निर्मूलनाचा शब्द बाजूस ठेवून पुन्हा नियंत्रणावर येणे भाग पडले. गोवाही त्यातून सुटला नाही. फारसा हिवताप नसलेल्या पणजी परिसरात १९८६ च्या सुमारास बांधकामांची गर्दी उसळली, उघड्या टाक्यांत पाणी साठले आणि रोग तेथे घर करून बसला.

ह्याच्या शेजारी देवीच्या रोगाचा हिशेब ठेवून पाहावा. बेळगावच्या टिळकवाडीतील एका मैदानाला आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात. तेथील संस्थेत देवीची लस तयार होत असे. त्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या किती मुलांना हे नाव कोठून आले हे ठाऊक असेल? भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. १९६७ पासून चाललेल्या ह्या जागतिक मोहिमेस सुमारे तीस कोटी डॉलर लागले. नंतर सर्व देशांनी देवी टोचणे बंद केले, आणि तेव्हापासून तो खर्च दरवर्षी वाचतो आहे. देवीच्या विषाणूस माणसावाचून दुसरा आश्रय नव्हता, म्हणून ते शक्य झाले. हिवतापाचे तसे नाही. तथापि एका कामात शेवटच्या रोग्यापर्यंत खर्च चालू राहिला आणि दुसऱ्यात मध्येच हात आखडला, हा भेद राहतोच.

सरकार आरोग्यावर खर्च करते तरी किती? केंद्र, राज्ये व स्थानिक संस्था ह्यांचा खर्च मिळून तो २०१३-१४ साली देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता आणि २०२१-२२ साली, म्हणजे कोविडच्या महामारीच्या काळात, १.८४ टक्के. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर न्यावयाचे ठरवले होते. २०२१-२२ चा दरमाणशी सरकारी खर्च वर्षास ३,१६९ रुपये पडतो. नववीच्या मुलांनी फळ्यावर ३६५ ने भागून पाहिले. दिवसाला ८ रुपये ६८ पैसे आले. एक मुलगी म्हणाली, “सर, एवढ्यात हॉटेलात चहासुद्धा मिळत नाही.” एवढ्या पैशात बाळंतपण, लस, क्षयाची औषधे, अपघाताची शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांचे शिक्षण असे सर्व काही येते.

सरकार जे देत नाही ते रोगी बरा झाल्यावाचून राहतो म्हणून वाचत नाही. ते घरातून जाते. २०१३-१४ साली आजारपणावरच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे ६४ रुपये कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून दिले. २०२१-२२ साली ते प्रमाण ३९ वर आले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यावयास हवे. पण कुटुंबाचा पैसा कोणत्याही शीर्षाखाली आधी मंजूर झालेला नसतो. तो बायकोच्या बांगडीतून येतो, दुभत्या म्हशीतून येतो, किंवा बहिणीच्या पुढच्या शिक्षणातून येतो. आणि काजूच्या बागायतीतील बुडालेला रोज तर ह्या ३९ रुपयांतही धरलेला नाही.

गोव्यापुरता एक प्रश्न येथे निघतो. पणजीस १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. आशियातील आधुनिक वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते. तीतून निघालेले वैद्य पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींतही कामास गेले. मुक्तीनंतर १९६३ साली तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. आज बांबोळीच्या त्या इस्पितळात गोव्याचेच नव्हे तर सावंतवाडी, दोडामार्ग, कारवार, खानापूर येथीलही रोगी येतात, कारण त्यांना तेच जवळ पडते. खर्च मात्र गोव्याच्या अंदाजपत्रकातून होतो. २०१८ च्या आरंभी परराज्यातील रोग्यांकडून शुल्क घेण्याचा निर्णय अमलात आला, तेव्हा सिंधुदुर्गात मोठी नाराजी झाली. ज्यांचे पैसे आहेत त्यांना आधी मिळावे, हे गोव्याचे म्हणणे चूक म्हणता येणार नाही. तेरेखोलच्या पलीकडे राहणाऱ्या, पण पेडण्यात मुलगी दिलेल्या माणसाला आपण परका कसा झालो हे कळत नाही, हेही खरे. रोग सीमेवर थांबत नाहीत, हे संविधानकर्त्यांनी ओळखले होते; एका राज्यातून दुसऱ्यात साथ पसरू न देणे हा विषय त्यांनी केंद्र व राज्ये ह्यांच्या समाईक सूचीत घातला. रोग्याला मात्र सीमा लागते. शेजारच्या राज्याने आपल्या रोग्यांचा खर्च भरून द्यावा हाच ह्यावर सरळ मार्ग दिसतो.

शेवटी पुन्हा कुत्र्याकडे. औषधनिर्मात्यांनी आम्हांस एक गंमत सांगितली. ही लस स्नायूत टोचली तर एका माणसास पाच कुप्या लागतात. तीच कातडीत, थोडी थोडी, दोन जागी टोचली तर चार फेऱ्यांत मिळून एक मिलिलिटरही लागत नाही. फार तर दोन कुप्यांत काम होते. भारतात ही रीत २००६ पासून मान्य आहे. म्हणजे तेवढ्याच पैशांत दुपटीहून अधिक माणसे वाचतात. पण उघडलेली कुपी काही तासांत वापरून संपवावी लागते. मोठ्या इस्पितळात रोज दहा चावे येतात, तेथे थेंबही वाया जात नाही. लहान केंद्रात दिवसाला एखादाच रोगी. उरलेली लस टाकून द्यावी लागते. काटकसर करावयासही गर्दी लागते, असा हा उलटा न्याय आहे.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटली. माणसाला लस टोचण्यापेक्षा कुत्र्याला टोचणे स्वस्त पडते आणि रोगाचे मूळही तेथेच तुटते. गोव्यात अशी मोहीम वर्षानुवर्षे चालली आणि २०२१ साली राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. परंतु कुत्र्याची लस हा आरोग्य खात्याचा खर्च नव्हे. तो पशुसंवर्धनात, म्हणजे २४०३ ह्या शीर्षाखाली पडतो. गावाचे नळाचे पाणी आणि गटारे २२१५ मध्ये पडतात. जो माणसाच्या जिवाचा सर्वांत स्वस्त विमा, तो अंदाजपत्रकात आरोग्याच्या पानावर दिसतच नाही. म्हणून आरोग्यावरचा खर्च वाढला म्हणजे लोक अधिक निरोगी झाले, असे पान पाहून ठरवता येत नाही. कधी कधी दुसऱ्या कोणत्या तरी पानावर काटकसर झालेली असते.

त्या मुलाच्या पहिल्या तीन फेऱ्या मोठ्या इस्पितळातच झाल्या. चौथी अठ्ठाविसाव्या दिवशी होती. तोपर्यंत पूरक रक्कम मंजूर होऊन केंद्रात लस आली होती. आजी सकाळी त्याला टोचून आणून नऊ वाजता बागायतीत गेली.

पावसाळ्यानंतर पुढील वर्षाची मागणी तयार करावयाची वेळ आली, तेव्हा औषधनिर्मात्यांनी आम्हांस निरोप पाठवला. नोंदवहीत केवळ केंद्रात आलेल्यांची नावे असतात. परस्पर मोठ्या इस्पितळात किंवा खासगी डॉक्टरांकडे गेलेल्यांची नसतात, आणि मागणी कमी पडते ती त्यामुळे. आता दहावीत गेलेल्या त्या वर्गाने दोन रविवारी वाड्यावाड्यांत फिरून वर्षभरात किती जणांस कुत्रे चावले ह्याची मोजणी केली. मुलांची यादी आणि वहीतील आकडा ह्यांत बरेच अंतर निघाले. औषधनिर्मात्यांनी ती यादी मागणीपत्रासोबत जोडून ऑक्टोबरात वर पाठवली. हा अंक छापावयास जाईपर्यंत अंदाजपत्रक विधानसभेपुढे आलेले नाही. त्या पोटरीवर व्रण असलेल्या मुलाने मागणीपत्राची एक प्रत आपल्या इतिहासाच्या वहीत घालून ठेवली आहे.